दर्या की दऱ्या? संगणकाच्या पोटातील देवनागरी

गोव्याच्या पश्चिमेला दर्या आहे आणि पूर्वेला सह्याद्रीच्या दऱ्या आहेत. हे दोन शब्द बोलताना कोणाचाही गोंधळ होत नाही. 'दर्या' म्हणताना 'द'वर आघात येतो, 'दऱ्या' म्हणताना तो येत नाही. लिहितानाही मराठी माणूस हा भेद जपतो. पहिल्या शब्दात 'र' हा 'य'च्या डोक्यावर रफार होऊन बसतो, तर दुसऱ्यात तो 'य'च्या डाव्या अंगाला आडवा बिलगतो. संगणकावर मात्र हा साधा भेद टिकवण्यासाठी बराच काळ झगडावे लागले. अनेक टंकलिखित मजकुरांत समुद्र आणि डोंगरातील खोल जागा एकाच रूपात छापल्या गेल्या आणि नेमका अर्थ वाचकाने संदर्भावरून लावून घेतला.

ही अडचण शुद्धलेखनापुरती मर्यादित नाही. पडद्यावर दिसणारे अक्षर आणि संगणकाने साठवलेले अक्षर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दिसणारे अक्षर बरोबर असूनही साठवलेले चुकीचे असू शकते. असा मजकूर शोधला तर सापडत नाही, दुसऱ्या यंत्रावर वाचता येत नाही आणि काही वर्षांनी तो असून नसल्यासारखा होतो. मराठीतील गेल्या तीन-चार दशकांचे बरेच लेखन याच अवस्थेत आहे. म्हणून देवनागरी संगणकात नेमकी कशी राहते, हे समजून घेणे ही आता केवळ तंत्रज्ञांची बाब राहिलेली नाही.

खिळ्यांवाचून अडलेली लिपी

यंत्र आणि लिपी यांचा मेळ न बसण्याचा अनुभव गोव्याला जुना आहे. गोव्यात छापखाना १५५६ मध्ये आला. भारतात खिळ्यांच्या छपाईचा आरंभ येथूनच झाला, असे मानले जाते. पुढे १६१६ मध्ये रायतूर येथे फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' छापले गेले. सुमारे ११ हजार ओव्यांचा हा ग्रंथ मराठीत आहे, परंतु तो छापावा लागला रोमन लिपीत, कारण देवनागरीचे खिळे उपलब्ध नव्हते. भाषा मराठी, छंद ओवीचा आणि अक्षरे मात्र परकी, अशी ती स्थिती होती. मराठी भाषेचे विल्यम कॅरे यांनी लिहिलेले व्याकरण देवनागरी खिळ्यांसह बंगालमधील श्रीरामपूर येथे छापले गेले ते १८०५ मध्ये, म्हणजे जवळपास दोनशे वर्षांनी.

रोमन लिपीला थोडे खिळे पुरतात, कारण तिची अक्षरे एकामागून एक सुटी उभी राहतात. देवनागरीत मात्र मात्रा वर जाते, उकार खाली जातो, पहिली वेलांटी अक्षराच्या आधी येते आणि जोडाक्षरात दोन-तीन व्यंजने एकमेकांत मिसळतात. त्यामुळे देवनागरी जुळाऱ्यासमोरच्या केसांत खिळ्यांचे कप्पे शेकड्यांनी असत. टंकलेखन यंत्र आले तेव्हा त्याच्या मोजक्या कळांवर ही सगळी चिन्हे बसवताना अनेक जोडाक्षरांची मोडतोड करावी लागली. संगणकाने हाच प्रश्न नव्या रूपात वारशाने घेतला.

चित्र आणि क्रमांक

संगणकाला अक्षर ठाऊक नसते, ठाऊक असतो तो फक्त आकडा. कळ दाबली की एक क्रमांक साठवला जातो आणि त्या क्रमांकासाठी ठरलेले चित्र पडद्यावर उमटते. चित्रे पुरवणाऱ्या संचाला फॉन्ट म्हणतात. कोणता क्रमांक कोणत्या अक्षराचा, हे ठरवणाऱ्या तक्त्याला संकेतन म्हणतात. फॉन्ट म्हणजे अक्षराचे कपडे आणि संकेतन म्हणजे त्याचे नाव-गाव, असे ढोबळमानाने म्हणता येईल. कपडे बदलल्याने माणूस बदलत नाही. परंतु नाव-गावच खोटे नोंदवले असेल, तर कपडे बदलताच ओळख पटेनाशी होते.

१९६३ मध्ये अमेरिकेत तयार झालेल्या 'आस्की' या प्रमाण तक्त्यात १२८ जागा होत्या. रोमन अक्षरे, अंक, विरामचिन्हे आणि यंत्रासाठीच्या काही आज्ञा यांतच त्या संपल्या. पुढे जागा दुपटीने वाढून २५६ झाल्या, तरीही त्यात देवनागरीला स्वतःची जागा नव्हती.

उसन्या जागेवरची अक्षरे

१९९० च्या दशकात मराठी वृत्तपत्रे, प्रकाशने आणि गावोगावची डीटीपी केंद्रे संगणकावर आली. तेव्हा या कोंडीतून काढलेली वाट चतुर होती. रोमन अक्षरांचे क्रमांक तसेच ठेवायचे आणि त्या क्रमांकांसमोरची चित्रे बदलून देवनागरीची घालायची. संगणकाच्या दृष्टीने फाइलमध्ये रोमन मजकूरच साठवला जाई, डोळ्यांना मात्र सुरेख मराठी दिसे. श्री-लिपी, आकृती, शिवाजी यांसारखे फॉन्ट आणि सी-डॅकचे 'सुरेख', 'योगेश' हे याच काळात घराघरांत पोहोचले. विवाहपत्रिका, स्मरणिका, नाटकाच्या संहिता, दिवाळी अंक, संस्थांचे अहवाल, इतिवृत्ते असे सारे यांतच टंकलिखित झाले. या फॉन्टनी मराठी छपाईला वेग दिला, तिचा खर्च कमी केला आणि वळणदार अक्षरेही दिली. ते श्रेय नाकारता येणार नाही.

परंतु या युक्तीत एक मेख होती. कोणत्या क्रमांकावर कोणते देवनागरी चिन्ह बसवायचे, हे प्रत्येक निर्मात्याने आपापल्या सोयीने ठरवले. त्यामुळे एका फॉन्टमधील मजकुराला दुसरा फॉन्ट लावला की त्याचा कालवा होतो आणि मूळ फॉन्ट संगणकावर नसेल, तर रोमन अक्षरे व चिन्हे यांची निरर्थक रांग दिसते. शिवाय जागा अपुऱ्या असल्याने अक्षरांचे तुकडे पाडले जात. अर्धा 'म', काना, रफार, मात्रा हे तुकडे निरनिराळ्या क्रमांकांवर ठेवून ते शेजारी-शेजारी मांडले की पूर्ण अक्षर दिसे. 'शिक्षण' लिहिताना आधी वेलांटी आणि मग 'श' टंकावा लागे, कारण डोळ्यांना वेलांटी आधी दिसते. भाषेचा क्रम आणि साठवणीचा क्रम यांची अशी फारकत झाली.

अशा मजकुरात शोध घेता येत नाही. दृष्टिहीन वाचकांना पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी आज्ञावली अशा ठिकाणी रोमन अक्षरांचा अर्थहीन उच्चार करत सुटते. फाइल अस्तित्वात असते, पण तिच्यात मराठी आहे, याचा पत्ता त्या फाइलला स्वतःलाच नसतो.

एक क्रम, अनेक लिप्या

याच सुमारास देशात अधिक मूलगामी विचारही सुरू होता. भारतातील बहुतेक लिप्या ब्राह्मीपासून निघाल्या आहेत. त्यांचे आकार वेगळे असले तरी वर्णांचा क्रम एकच आहे. आधी स्वर, मग कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य अशी व्यंजने. मग सर्व लिप्यांसाठी क्रमांकांचा एकच तक्ता का नसावा, या विचारातून 'इस्की' हे संकेतन घडले आणि १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने त्याला आय.एस. १३१९४ या क्रमांकाने मान्यता दिली. आयआयटी कानपूर येथे आरंभ झालेले आणि पुढे १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकने वाढवलेले 'जिस्ट' तंत्रज्ञान याच दिशेचे होते.

या विचाराचे दुसरे फळ म्हणजे 'इन्स्क्रिप्ट' हा कळफलक. त्यात स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, तर बहुतेक व्यंजने उजव्या हाताला आहेत. 'क'च्याच कळीवर शिफ्ट धरले की 'ख' उमटतो, 'त'च्या कळीवर 'थ'. वर्णमाला पाठ असलेल्याला हा कळफलक थोड्या सरावाने येतो. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे हीच मांडणी कन्नड, गुजराती, तेलुगू या लिप्यांनाही लागू पडते. बेळगाव, बडोदा किंवा हैदराबाद येथे दोन लिप्यांत व्यवहार करणाऱ्या मराठी माणसाला एकदा शिकलेली बोटांची सवय दोन्हीकडे वापरता येते.

युनिकोड आल्यावर

जगातील सर्व लिप्यांना प्रत्येकी स्वतंत्र जागा देणाऱ्या 'युनिकोड' या प्रमाणाची पहिली आवृत्ती ऑक्टोबर १९९१ मध्ये निघाली. तीत देवनागरीला १२८ जागांचा सलग पट्टा मिळाला. दशमान पद्धतीने मोजले तर २३०४ ते २४३१ हे ते क्रमांक होत. वर्णांची मांडणी 'इस्की'च्या १९८८ च्या तक्त्यावरून घेतली गेली. 'क'चा क्रमांक २३२५ आहे, 'ख'चा २३२६. कन्नड लिपीतील 'क' ३२२१ वर आहे, 'ख' ३२२२ वर. दोन्ही जोड्यांत अंतर ८९६ चेच. लिप्यांना जागा वेगवेगळ्या मिळाल्या, पण त्यांचे जुने नाते या समान अंतरात शिल्लक राहिले आहे.

युनिकोडमध्ये अक्षराचा आकार साठवला जात नाही, वर्ण साठवला जातो. 'क्ष' हे एक चित्र दिसत असले तरी आत 'क', हलन्त आणि 'ष' असे तीन क्रमांक असतात. 'श्री'मध्ये चार असतात. 'शि' लिहिताना आधी 'श' आणि नंतर वेलांटी साठवली जाते, म्हणजे उच्चाराचाच क्रम पाळला जातो. वेलांटी अक्षराच्या आधी नेऊन दाखवणे, रफार योग्य जागी चढवणे, जोडाक्षर घडवणे ही कामे अक्षरजोडणी करणाऱ्या आज्ञावलीकडे आणि फॉन्टकडे सोपवलेली असतात. एखाद्या जुन्या फोनवर किंवा छायाचित्रावर मजकूर छापणाऱ्या एखाद्या आज्ञावलीत 'श्री'ऐवजी पाय मोडलेला 'श' आणि शेजारी 'री' दिसते, ते ही जोडणी करणारा भाग नसल्यामुळे. त्या ठिकाणी साठवलेला मजकूर शुद्ध असतो, फक्त त्याचे दर्शन बिघडलेले असते.

विंडोज २००० पासून देवनागरी युनिकोडची सोय संगणकात आली, तरी विंडोज एक्सपीमध्ये ती मुद्दाम सुरू करून घ्यावी लागे. बऱ्याच ठिकाणी ती सुरू केलीच गेली नाही आणि जुने फॉन्ट चालू राहिले. त्यामुळे प्रमाण १९९१ मध्ये ठरूनही मराठी व्यवहार त्यात येण्यास दीड-दोन दशके गेली. तरीही १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया आरंभापासून युनिकोडमध्ये लिहिला गेला आणि म्हणूनच तो आज कोणत्याही साधनावर वाचता येतो.

मराठी, हिंदी, कोंकणी, नेपाळी, संस्कृत या भाषांचा देवनागरी पट्टा एकच आहे. त्यातून एक नाजूक प्रश्न उभा राहतो. मराठी वळणाचा 'ल' आणि हिंदी वळणाचा 'ल' यांचा क्रमांक एकच, २३५४. 'श'चेही तसेच. कोणते वळण दिसावे, हे फॉन्ट आणि मजकुराची नेमलेली भाषा यांवर ठरते. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये वर्णमालेविषयी निर्णय काढून मराठीसाठीची वळणे निश्चित केली. 'मुक्त', 'नोटो' यांसारखे अनेक फॉन्ट आता विनामूल्य मिळतात. एखाद्या ठिकाणी परके वळण दिसले, तर लेखन चुकले असे समजण्याचे कारण नाही. फॉन्ट बदलला किंवा मजकुराची भाषा मराठी अशी नेमली की काम भागते.

एका अंकाचा फरक

आता दर्या आणि दऱ्या यांकडे वळता येईल. 'दर्या' या शब्दात पाच क्रमांक आहेत. द, र, हलन्त, य आणि काना. 'दऱ्या'मध्येही पाचच आहेत. फरक केवळ दुसऱ्या जागी आहे. 'दर्या'त तेथे २३५२ हा 'र' आहे आणि 'दऱ्या'त २३५३ हा खाली टिंब असलेला 'ऱ'. एवढ्या एका अंकावर समुद्र आणि दरी वेगळी होतात. आचार्यांना द्यायचा मान आणि आचाऱ्यांना द्यायची मजुरी यांतील फरकही याच एका अंकाचा. वऱ्हाड, कऱ्हाड, तऱ्हा, ऱ्हास, सुपाऱ्या, पायऱ्या या साऱ्या शब्दांना हा 'ऱ' लागतो. इन्स्क्रिप्टमध्ये 'र'च्याच कळीवर शिफ्ट धरून तो मिळतो. पुढे हलन्त आणि मग 'य' किंवा 'ह' टंकला की काम झाले.

हेच रूप आणखी एका मार्गाने, म्हणजे साध्या 'र'ला हलन्त देऊन त्यापुढे जोडणीची एक अदृश्य खूण घालूनही पडद्यावर आणता येते. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटू शकतात आणि एका रूपाने शोध घेतला, तर दुसऱ्या रूपात लिहिलेला शब्द निसटतो. अशी सारखी दिसणारी पण आतून निराळी असलेली रूपे मराठीत आणखीही आहेत.

'ॲ' हे अक्षर त्यांपैकी एक. ॲप, ॲसिड किंवा नावाआधीचे 'ॲड.' यांत ते येते. त्याला २००८ मधील युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत २४१८ हा स्वतंत्र क्रमांक मिळाला. त्याआधी कोणी 'अ'वर वेगळा चंद्र ठेवून, तर कोणी हिंदी वळणाचा 'ऍ' वापरून काम भागवत असत. परिणामी एकाच वकिलांचे नाव तीन यादींत तीन प्रकारे साठवलेले आढळू शकते.

विसर्गाची कथा त्याहून साधी आणि अधिक व्यापक आहे. 'दुःख', 'स्वतः', 'अंतःकरण' यांत विसर्ग हवा. त्याचा क्रमांक २३०७. कळफलकावर तो पटकन सापडला नाही की अपूर्णविराम, म्हणजे दोन टिंबांचे विरामचिन्ह, वापरले जाते. त्याचा क्रमांक ५८. दिसायला दोन्ही टिंबेच, पण अपूर्णविराम हे विरामचिन्ह असल्यामुळे संगणक तेथे शब्द तोडतो. 'दु' हा एक शब्द आणि 'ख' हा दुसरा, असे तो समजतो. ओळीच्या शेवटी असा शब्द आला तर तो दोन ओळींत फुटूही शकतो.

चौथे उदाहरण 'उद्‌घाटन' किंवा 'सद्‌गुरू' यांसारख्या शब्दांचे. 'द'चा पाय मोडून पुढचे अक्षर सुटे दाखवायचे असेल, तर दोहोंमध्ये जोडणी रोखणारी अदृश्य खूण घालतात. ती घालणे चुकीचे नाही. मात्र एकाच संस्थेच्या नोंदींत काही ठिकाणी ती आहे आणि काही ठिकाणी नाही, अशी स्थिती असू नये. शोधासाठी सातत्य हे सौंदर्यापेक्षा महत्त्वाचे ठरते.

यादीत 'क्ष' कोठे बसतो?

मराठी वर्णमालेत 'ह'नंतर 'ळ' येतो आणि शेवटी 'क्ष' व 'ज्ञ'. युनिकोडच्या पट्ट्यात मात्र 'ळ' हा 'ल' आणि 'व' यांच्यामध्ये आहे आणि 'क्ष', 'ज्ञ' यांना स्वतंत्र जागाच नाही. त्यामुळे केवळ क्रमांकांच्या आधारे नावांची यादी लावली, तर 'क्षमा' हे नाव 'क'च्या रांगेत शेवटाकडे जाते आणि 'ज्ञानदा' हे 'ज'च्या रांगेत शेवटाकडे. शाळेच्या हजेरीपटात शिक्षक ही नावे अगदी अखेरीस शोधत असतील, तर ती तेथे नसतात. चूक कोणाचीच नसते. संगणकाला मराठी क्रमाचा नियम वेगळा सांगावा लागतो, एवढेच.

लघुसंदेशाच्या लांबीतही लिपीचा हिशेब आहे. एका संदेशात १४० बाइट मावतात. रोमन अक्षरे त्यात दाटीने बसवून १६० होतात, देवनागरीत मात्र एका चिन्हाला दोन बाइट लागत असल्याने संख्या ७० वर येते. त्यातही काना, मात्रा, हलन्त यांची गणना स्वतंत्र होते. 'म्हापसा' या शब्दाला आपण तीन अक्षरे म्हणतो, संदेशात त्याची सात चिन्हे भरतात. फोनवरील मराठी बरीच वर्षे रोमन अक्षरांत लिहिली गेली, त्यामागे कळफलकाच्या अभावाबरोबर हे गणितही होते.

डिचोलीचे 'बिचोलिम'

रोमन अक्षरांतून मराठीकडे येण्याचा मार्ग आज सर्वांत लोकप्रिय आहे. उच्चारानुसार रोमन अक्षरे टंकायची आणि आज्ञावलीने त्यांचे देवनागरी करायचे. घरगुती पत्रव्यवहाराला ही सोय उत्तम आहे. परंतु रोमन लिपीत 'ल' आणि 'ळ', 'न' आणि 'ण', 'त' आणि 'ट' हे भेद सहज दाखवता येत नाहीत. काल, कळ, कल, काळ यांतून निवड आज्ञावली अंदाजाने करते आणि घाईत तो अंदाज तसाच राहून जातो.

गोव्यात या अडचणीला आणखी एक पदर आहे. येथील गावांची रोमन रूपे पोर्तुगीज वळणाची आहेत. त्या रूपांवरून यंत्राने देवनागरी घडवले, तर डिचोलीचे 'बिचोलिम' होते, साखळीचे 'सांक्वेलिम', काणकोणचे 'कॅनाकोना' आणि पेडण्याचे 'पर्नेम'. आडनावांचीही अशीच गत होते. पिढ्यान्‌पिढ्या ज्या नावाने गाव ओळखले गेले, ते नाव देवनागरीत लिहिलेले असूनही परके भासते. एकदा असे रूप एखाद्या सूचीत शिरले की इतर सूची तेच उचलतात आणि मूळ नाव शोधणाऱ्याला ते सापडत नाही. म्हणून नाव, गाव आणि पत्ता यांची देवनागरी नोंद मुळातूनच देवनागरीत, त्या माणसाला विचारून व्हायला हवी. रोमनवरून ती यंत्राकडून करवून घेणे हा शेवटचा पर्याय असावा.

जुन्या फाइलींचे काय करावे?

गोव्यातील वाचनालये, देवस्थाने, नाट्यमंडळे, शाळा आणि लेखक यांच्याकडे १९९० ते २०१० या काळातील पुष्कळ मराठी मजकूर जुन्या फॉन्टमध्ये पडून असण्याची शक्यता मोठी आहे. जत्रेतील नाटकाची संहिता, दिवंगत लेखकाचे अप्रकाशित हस्तलिखित, संस्थेचा सुवर्णमहोत्सवी इतिहास अशा गोष्टी पुन्हा कोणी लिहून काढणार नाही. फ्लॉपी आणि सीडी वाचणारी यंत्रे दुर्मीळ होत आहेत, म्हणून हे काम लांबणीवर टाकण्याजोगे नाही.

पहिली पायरी ओळखण्याची. फाइलमधील एखादा शब्द उचलून फोनवरील संदेशाच्या चौकटीत चिकटवावा. मराठी उमटले तर मजकूर युनिकोडमध्ये आहे. रोमन अक्षरांचा कालवा उमटला तर तो जुन्या फॉन्टमधला आहे. पीडीएफ फाइलींनाही हीच कसोटी लावावी. डोळ्यांना स्वच्छ मराठी दिसणारी पीडीएफ आतून रोमन असू शकते.

दुसरी पायरी जपण्याची. मूळ फाइलला हात न लावता तिची प्रत काढावी. ज्या फॉन्टमध्ये ती आहे त्याचे नेमके नाव लिहून ठेवावे आणि शक्य असल्यास तो फॉन्टही सोबत जपावा. फॉन्टचे नाव हरवले तर रूपांतराची किल्लीच हरवते.

तिसरी पायरी रूपांतराची. जुन्या फॉन्टमधील मजकूर युनिकोडमध्ये नेणारी साधने उपलब्ध आहेत. प्रत्येक फॉन्टचा तक्ता वेगळा असल्याने त्या-त्या फॉन्टसाठीचेच साधन निवडावे लागते. तक्ता सापडला नाही, तर मजकूर छापून किंवा त्याचे चित्र काढून अक्षरओळख करणाऱ्या आज्ञावलीकडून तो वाचून घेता येतो. 'टेसरॅक्ट' या मुक्त आज्ञावलीत मराठीची सोय आहे.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची पायरी मुद्रितशोधनाची. रूपांतरात चुका ठरावीक जागी होतात. रफार, पहिली वेलांटी, ऱ्य आणि ऱ्ह, अनुस्वार, विसर्ग आणि अंक येथे डोळे अधिक जागरूक ठेवावेत. व्यक्तींची आणि गावांची नावे तर मूळ छापील प्रतीशी अक्षरन्‌अक्षर ताडून पाहावीत. हे काम यंत्राने होत नाही. त्याला ते लेखन ज्याच्या परिचयाचे आहे असा वाचकच हवा आणि असे वाचक आज हयात आहेत, ही या कामाची खरी निकड आहे.

शेवटी तयार झालेला मजकूर सजवलेल्या फाइलबरोबरच साध्या मजकूर-फाइलच्या रूपातही ठेवावा, कारण आज्ञावल्या बदलल्या तरी साधा मजकूर उघडतो. दोन वेगवेगळ्या ठिकाणी त्याच्या प्रती असाव्यात.

रायतूरच्या छापखान्यात देवनागरीचे खिळे नव्हते, म्हणून मराठी ओव्या रोमन अक्षरांत उतरल्या. निदान त्या कागदावर उमटल्या आणि रोमन जाणणाऱ्याला आजही वाचता येतात. उसन्या क्रमांकांवर साठवलेली मराठी मात्र तिचा फॉन्ट नाहीसा झाला की कोणत्याच लिपीत वाचता येत नाही. आता लिपीला स्वतःची जागा आहे, खिळे विनामूल्य आहेत आणि कळफलक प्रत्येकाच्या खिशात आहे. २३५२ आणि २३५३ यांतील फरक सांभाळण्याची तसदी लिहिणाऱ्याने घेतली, तर दर्या दर्याच राहील आणि दऱ्या दऱ्याच.